चित्रातला कंदील आणि आडगावचं चांदणं

अकोटहून तेल्हाऱ्याच्या बाजूला निघालं की आडगाव लागतं. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग आणि तिच्या पायथ्यापासून दक्षिणेला पसरलेली काळी जमीन. नोव्हेंबर संपत आलेला असतो तेव्हा पऱ्हाटी फुटून पांढरी झालेली असते, बाया ओटी बांधून वेचणीला लागलेल्या असतात. तुरीला शेंगा धरलेल्या असतात. पूर्वी या दिवसांत इथं माणूस बुडेल एवढी ज्वारीही उभी असायची. याच जमिनीवर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, दुपार कलल्यावर, एक लढाई झाली आणि साध्या दोन-तीन तासांत वऱ्हाडचा पुढच्या दीडशे वर्षांचा इतिहास वळला.

लढाई आडगाव आणि सिरसोली या गावांसमोर झाली. एका बाजूला इंग्रजांचा मेजर जनरल आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन. दुसऱ्या बाजूला नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांचे भाऊ व्यंकोजी, ज्यांना सगळे मन्याबापू म्हणत, आणि शिंद्यांचं घोडदळ. दोन महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबरला, असईची लढाई होऊन गेली होती. आपल्याकडे असई सगळ्यांना ठाऊक असते. आडगाव मात्र अकोला जिल्ह्याबाहेर क्वचितच कुणी ओळखतं.

मला इथं लढाईचे डावपेच सांगायचे नाहीत. गेली काही वर्षं मी इतिहासचित्रं पाहतो आहे, म्हणजे मोठ्या कॅनव्हासवर रंगवलेले युद्धाचे, तहाचे, विजयाचे प्रसंग. ती पाहताना दरवेळी आडगावची आठवण येते. परक्या फौजेनं खेडी व्यापली, याचं चित्र काढायचं झालं तर चित्रकार काय दाखवतो? उजेड कुणाच्या तोंडावर पाडतो? आणि आपल्या आडगावचं चित्र कुणी काढलं असतं तर त्यात काय असायला हवं होतं?

युरोपातल्या कला-अकादम्यांमध्ये चित्रांची उतरंड ठरलेली असे. फळाफुलांची चित्रं तळाला, त्यावर निसर्गचित्रं, मग व्यक्तिचित्रं आणि सगळ्यांत वर इतिहासचित्र. कारण इतिहासचित्रात माणसाचं मोठेपण दिसतं, असं मानलं जाई. आधी हे मोठेपण ग्रीक-रोमन वीरांना किंवा बायबलातल्या पात्रांना मिळे. १७७० मध्ये बेंजामिन वेस्टनं जनरल वुल्फचा क्वेबेकमधला मृत्यू रंगवला तो अंगावर रोमन झगा न घालता, त्या काळच्या लष्करी पोशाखात. तेव्हापासून ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि इंग्लंडच्या राजाच्या सेनापतींना या सगळ्यांत वरच्या पायरीवर बसण्याची वाट मोकळी झाली.

हिंदुस्थानातली लढाई लंडनला कशी पोचे, त्याचा एक नमुना फार बोलका आहे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू सुलतान मारला गेला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट केर पोर्टर नावाच्या विशीतल्या चित्रकारानं लंडनच्या लायसियममध्ये त्या हल्ल्याचा अर्धवर्तुळाकार देखावा मांडला. लांबी शंभर फुटांहून जास्त, त्यात शेकडो माणसं, बरीच पुरुषभर उंचीची. हे सगळं त्यानं दीड महिन्यात उरकलं. लोक पैसे देऊन आत जात आणि तोफांच्या धुराच्या मधोमध उभं राहिल्यासारखं त्यांना वाटे. पोर्टरनं श्रीरंगपट्टण कधी पाहिलेलं नव्हतं. परत आलेल्या अधिकाऱ्यांना विचारून, त्यांना समोर बसवून त्यांचे चेहरे टिपून त्यानं ते रंगवलं. जे परत आले त्यांचे चेहरे खरे निघाले, आणि जे तिथंच राहिले ते फेटे, दाढ्या, वटारलेले डोळे एवढ्यात भागले. तो देखावा पुढं आगीत जळून गेला. आज त्याच्या छापील आवृत्त्या तेवढ्या उरल्या आहेत.

चाळीस वर्षांनी, १८३९ मध्ये, डेव्हिड विल्कीनं तोच प्रसंग वेगळ्या तऱ्हेनं रंगवला. इंग्रज सेनानी सर डेव्हिड बेअर्डला टिपूचा मृतदेह सापडतो तो क्षण. रात्र आहे, वेशीची कमान आहे. कमानीत ताठ उभा असलेला बेअर्ड आणि त्याच्या पायांखाली तळघराची जाळी, कारण हाच बेअर्ड पूर्वी टिपूच्या कैदेत होता. खाली कंदिलाच्या उजेडात टिपूचा देह. बेअर्डच्या विधवा पत्नीनं हे चित्र करवून घेतलं होतं. चित्र उत्तम आहे, त्यात शंका नाही. पण तो कंदील कशासाठी आहे ते पाहावं. जिंकणारा ओळख पटवतो आहे, आणि त्याला आपली शिकार नीट दिसावी म्हणून कुणीतरी दिवा धरला आहे.

याच्या उलट दुसरा कंदील स्पेनमध्ये आहे. १८०८ च्या मे महिन्यात नेपोलियनच्या फौजेनं माद्रिदमध्ये बंड केलेल्या लोकांना पकडून टेकडीपाशी गोळ्या घातल्या. फ्रान्सिस्को गोयानं ते १८१४ मध्ये रंगवलं. आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. तिथंही रात्र आहे, आणि जमिनीवर ठेवलेला चौकोनी कंदील आहे. पण शिपायांची पाठ आपल्याकडे आहे. त्यांचं एकही तोंड दिसत नाही, नुसती बंदुकांची सरळ रांग. उजेड सगळा पडला आहे तो पांढरा सदरा घातलेल्या, दोन्ही हात पसरलेल्या एका साध्या माणसावर. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. शेजारी तोंड झाकून घेतलेले लोक, पायाशी रक्तात पडलेले लोक. फौजेनं व्यापलेल्या मुलखाचं चित्र आजवर ज्यांनी ज्यांनी काढलं त्यांत गोयानं केलेली ही एक गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. कंदील त्यानं उचलला आणि पलीकडे ठेवला.

आता यातला धागा थेट आपल्या वऱ्हाडात येतो. याच गोयानं १८१२ साली माद्रिदमध्ये एका इंग्रज सेनापतीला समोर बसवून त्याचं व्यक्तिचित्र काढलं. तो सेनापती वेलिंग्टन, म्हणजे आपल्या आडगावचा आर्थर वेलस्ली. त्याच्याही आधी, १८०४ मध्ये, रॉबर्ट होम या चित्रकारानं त्याला लाल गणवेशात रंगवलं होतं. असई, आडगाव आणि गाविलगड हे नुकतेच त्याच्या खात्यावर जमा झाले होते. होम हा काही घरबसल्या रंगवणारा नव्हता. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या फौजेबरोबर तो म्हैसूरच्या मोहिमेत हिंडला होता. तरी १८०४ च्या त्या चित्रात वऱ्हाड शोधलं तर सापडत नाही. एक तरुण, तरतरीत, स्वतःवर विश्वास असलेला माणूस दिसतो. ज्या जमिनीनं त्याला नाव दिलं ती चित्राच्या चौकटीबाहेर राहिली.

मराठी माणसांचं म्हणावं असं एक इतिहासचित्र त्याच सुमाराला पूर्ण झालं, १८०५ मध्ये. थॉमस डॅनिएलचं पुणे दरबाराचं चित्र. ६ ऑगस्ट १७९० रोजी शनिवारवाड्यात इंग्रजांचा वकील सर चार्ल्स मॅलेट यानं सवाई माधवराव पेशव्यांशी टिपूविरुद्ध केलेल्या तहाचा तो प्रसंग. त्याची पूर्वतयारी चित्रकार जेम्स वेल्सनं पुण्यात बसून केली होती. तो १७९५ मध्ये वारला, म्हणून काम डॅनिएलकडे गेलं. वेल्सबरोबर काम करणारा आपला पुणेकर चित्रकार गंगाराम तांबट यानंही त्या काळात पुष्कळ रेखाटनं केली. म्हणून या चित्रातली माणसं खरी वाटतात. पगड्या निरनिराळ्या आहेत, बैठकीची रीत बरोबर आहे, मागं गणपती आहे. पोर्टरच्या देखाव्यापेक्षा हे चित्र कितीतरी प्रामाणिक. फरक एवढ्याच गोष्टीनं पडला की काढणारे तिथं येऊन बसले होते आणि इथल्या माणसानं त्यांना हात दिला होता. पण तो दरबार. गालिच्यावर बसलेल्यांचं चित्र निघालं. त्यांच्या तहांची किंमत ज्या शेतांनी मोजली ती शेतं कुणी काढली नाहीत.

आडगावच्या चित्रासाठी लागणारं सामान मात्र कागदोपत्री पडून आहे, आणि ते वेलस्लीनंच लिहून ठेवलं आहे. त्या दिवशी फौज लांब मजल मारून पाथर्डीजवळ आली होती. मुक्काम करायचा बेत होता. तिथल्या एका उंच बुरुजावर चढून वेलस्लीनं पाहिलं तेव्हा सिरसोली-आडगावच्या पलीकडे त्याला माणसांचा मोठा जमाव हलताना दिसला. वऱ्हाडातल्या माणसाला हा बुरूज समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे मोठ्या गावात पांढऱ्या मातीची गढी असते, पाटलाची नाही तर देशमुखाची. पेंढाऱ्यांपासून आणि लुटारूंपासून गावाला वाचवण्यासाठी बांधलेली. गावानं स्वतःच्या राखणीसाठी उभारलेल्या उंचवट्यावर परका सेनापती चढला आणि तिथून त्यानं मुलूख नजरेखाली घातला. मी चित्रकार असतो तर पहिलं रेखाटन याचं केलं असतं.

पुढं काय झालं तेही नोंदलेलं आहे. भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या तेव्हा असईत कणखरपणे लढलेल्या शिपायांच्या तीन पलटणी घाबरून मागं पळाल्या. वेलस्लीनं स्वतः त्यांना अडवलं, गोळा केलं आणि परत रांगेत आणलं. ही माणसं कोण होती? बहुतेक मद्रासकडची, तेलुगू आणि तमिळ बोलणारी. गोऱ्या पलटणी थोड्या. बरोबर म्हैसूरचं आणि निजामाचं घोडदळ. दाण्यागोट्याची सगळी मदार बंजाऱ्यांच्या तांड्यांवर, त्यांच्या हजारो बैलांवर. तोफा ओढायला म्हैसूरचे अमृतमहाल बैल. समोरच्या बाजूलाही नुसते मराठे नव्हते. अरब आणि परदेशी भाडोत्री पायदळ होतं, आणि गोऱ्यांच्या रांगेवर निकरानं तुटून पडलेली एक तुकडी त्यांचीच होती. ती जवळजवळ सगळी कापली गेली. तांबडे डगले एका बाजूला आणि फेटे दुसऱ्या बाजूला अशी सोपी विभागणी करून कुणी हे चित्र रंगवलं तर ते खोटं ठरेल. ज्या बैलांनी दाणा आणला, त्यांच्या मालकांचे वंशज आज दिग्रस-पुसदपासून अकोल्यापर्यंत तांड्यांत राहतात. फौज इथं आली ती इथल्याच पाठींवर बसून.

लढाई उशिरा सुरू झाली होती आणि लवकर संपली. भोसल्यांच्या अडतीस तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या आसपास, त्यांची पलटणवार यादी आहे. आपल्याकडच्यांची तशी यादी नाही. सूर्य मावळला तेव्हा पळापळ सुरू झाली होती. ती पौर्णिमेच्या आसपासची रात्र. घोडदळानं चांदण्यात कित्येक मैल पाठलाग केला. अजून थोडा उजेड मिळता तर एकही सुटला नसता, अशा अर्थाचं वेलस्लीनं लिहिलं आहे.

आडगावच्या चित्रात कंदील नाही, चांदणं आहे. हे मला कितीतरी दिवस सोडत नाही. आपल्याकडे टिपूर चांदणं म्हणजे ज्वारीच्या राखणीची रात्र. माळा, गोफण, दूर कुणाची तरी हाक. त्या रात्री त्या उजेडात माणूस ताटांत लपला तरी ताटं हलताना दिसणार. चांदणं कुणा एकाच्या हातात नसतं, ते सगळ्यांवर सारखं पडतं. पण घोड्यावर बसलेल्याला जे दाखवतं तेच पायी पळणाऱ्याला उघडं पाडतं. आणि गावातले लोक? ते कुठं होते? भिंतीआड, विहिरीच्या बगाडाखाली, का डोंगराकडे निघून गेलेले? त्यांच्याविषयी एका ओळीचीही नोंद माझ्या वाचनात आलेली नाही.

मग गाविलगड. चिखलदऱ्याला फिरायला गेलेले बहुतेक लोक तो पाहून येतात. पंधराव्या शतकात, १४२५ मध्ये, बहामनी अहमदशहानं तो बांधवला. पुढं इमादशाहीत त्याला नवं बळ मिळालं. शार्दूल दरवाजावरचं गंडभेरुंडाचं शिल्प अजून ठळक आहे. त्या कोरीव दगडाखाली थांबून हात लावावा, छिन्नीचा प्रत्येक घाव बोटाला लागतो.

हा किल्ला घ्यायला स्टीव्हन्सनच्या फौजेनं ७ डिसेंबरला एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, सोडलं. गडाच्या उत्तरेकडे पोचायला त्यांना सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता स्वतः तोडावा लागला. मेळघाटातल्या खिंडी, नाले, सागाचं जंगल. अवजड तोफा माणसांनी दोरांनी ओढून वर नेल्या. पाच-सहा दिवस हे चाललं. ज्यांनी तो घाट पायी केला आहे त्यांना याचा अर्थ कळेल. मला वाटतं, या साऱ्या मोहिमेतलं खरं इतिहासचित्र हेच आहे. शेकडो माणसं वाकलेली, दोर खांद्यात रुतलेला, मध्ये जडशीळ तोफ, आणि कडेच्या झाडीतून बघणारे कोरकू. सेनापती त्यात कुठंच नाही. पण अशा चित्राला लंडनमध्ये तिकीट काढून कोण आलं असतं?

१५ डिसेंबरला सकाळी खिंडार पाडून बाहेरचा कोट घेतला गेला. आतल्या कोटाला वाट सापडेना. तेव्हा ९४ व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलनं घळीतून कडा चढून शिड्या लावल्या आणि आतून दरवाजा उघडला. दरवाजांशी फार माणसं मारली गेली. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. गडावरच्या राजपुतांनी आपल्या घरच्या बायकांना मारण्याचं ठरवलं होतं. ते काम अर्धवट राहिलं. काही जणी दगावल्या, काही जखमी सापडल्या.

इतिहासचित्र काढणारा इथंच थांबेल, हे मी पैजेवर सांगतो. कॅम्पबेलची शिडी किंवा राजपूत स्त्रियांचा आकांत, दोन्ही कॅनव्हासला फार सोयीचे. पहिल्यात पराक्रम, दुसऱ्यात करुणा. पण त्या जखमी बायकांचं पुढं काय झालं, त्या कुठं गेल्या, कुणाच्या आश्रयाला राहिल्या, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. त्यांना रंगवून भिंतीवर टांगणं हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला हल्ला ठरला असता, असं माझं मत आहे. काही चित्रं निघाली नाहीत हेच बरं झालं.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, पायथ्याच्या मुलखातल्या देवगावात भोसल्यांशी तह झाला, आणि ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावात शिंद्यांशी. विड्याच्या पानांचं आपलं अंजनगाव इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे ते या तहामुळे. देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले आणि भोवतीची थोडी गावं तेवढी त्यांच्याकडे राहिली. बाकीचं वऱ्हाड इंग्रजांनी आपल्या दोस्ताला, निजामाला देऊन टाकलं. आधी निजाम आणि भोसले दोघंही इथून वसूल घेत, म्हणून त्याला दुअंमल म्हणत. आता एक अंमल गेला. शेतकऱ्याचा भार हलका झाला का? नाही. पाठोपाठ दुष्काळ आला, मग पेंढारी आले. त्यांच्यापासून व्यापाऱ्यांना वाचवण्यासाठी निजामाच्या राजवटीत अमरावतीला परकोट बांधायला घेतला. अंबागेट, जवाहर गेट, नागपुरी गेट आणि परकोटाच्या खिडक्या, यांतून आपण रोज जा-ये करतो.

खरी लष्करी पकड पुढं बसली, आणि तिला एकही तोफ उडवावी लागली नाही. निजामाच्या नावानं हैदराबाद कंटिंजंट ही फौज उभी होती. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. पगार थकला, कर्ज साचलं, आणि २१ मे १८५३ च्या तहानं त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. एक अख्खा प्रांत पलटणीच्या पगाराला तारण लागला. अचलपूरजवळ या फौजेची छावणी होती. आजचं परतवाडा त्या छावणीच्या पोटातून वाढलेलं गाव आहे. नंतर जमिनीची मोजणी झाली, सारा ठरला, रेल्वे आली, कापूस मँचेस्टरला जाऊ लागला. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड म्हणतात, त्या सोन्यातून आधी शिपायाचा पगार निघे. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमचं खंडानं दिलं गेलं, तेव्हा या व्यवहाराला पन्नास वर्षं होत आली होती.

असला ताबा रंगवायचा कसा? धूर नाही, तलवार नाही. लेडी बटलर या इंग्रज चित्रकर्तीनं याचं एक उत्तर दिलं आहे. तिची सारी कीर्ती ब्रिटिश फौजेची चित्रं काढण्यातली. पण १८९० मध्ये तिनं आयर्लंडमधल्या एका कुळाला घरातून बाहेर काढल्याचं चित्र रॉयल अकादमीत मांडलं. घराच्या पडक्या भिंती, आणि समोर एकटी उभी असलेली बाई. ज्यांनी घर पाडलं ते दूर, पाठमोरे, निघून चाललेले. गोयाचा कंदील तिनं दिवसाच्या उजेडात आणला, असं मी म्हणेन. वऱ्हाडच्या वाट्याला असं चित्र आलं असतं तर ते एखाद्या चावडीवरचं असतं. हप्त्याचा दिवस, पाटील, पटवारी, समोर मुंडाशाच्या गाठीतून रुपये सोडणारा कुणबी, आणि चौकटीत कुठंही शिपाई नाही.

आडगावचं आणि गाविलगडचं नाव कोरलेली एक वस्तू मात्र खरोखर आहे. १८५१ मध्ये, लढाईला अठ्ठेचाळीस वर्षं झाल्यावर, कंपनीनं जुन्या मोहिमांसाठी आर्मी ऑफ इंडिया पदक काढलं. तोवर जे जिवंत होते त्यांनाच ते मिळालं. रुप्याच्या चकतीवर एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला बसलेली विजयदेवता, शेजारी शस्त्रांचा ढीग आणि एक ताडासारखं झाड. वरच्या फितीवर लढायांच्या पट्ट्या. त्यांतली एक पट्टी आडगावची, पण इंग्रजीत ते नाव असं लिहिलं आहे की वाचलं तर अर्गॉम ऐकू येतं, आणि आपलं गाव आपल्याच कानाला ओळखू येत नाही. ते झाड सगळ्या लढायांना एकच आहे, मग लढाई नेपाळातली असो की ब्रह्मदेशातली. आडगावच्या बांधावर कडुनिंब उभे आहेत, बाभळी आहेत. त्यांच्या सावलीत वेचणीच्या बाया दुपारची भाकर सोडतात, आणि कापसाचं गाठोडं उशाशी घेऊन घटकाभर आडव्या होतात.